दारूचं वय कमी करा म्हणून सही मागतायत, करू का?

पत्राचा गोषवारा : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेला लागून या गृहस्थांचं हॉटेल आहे. पुढे फॅमिली हॉल, मागे परमिट रूम. अकरा वर्षं धंदा करतायत. दोन किलोमीटरवर इंजिनिअरिंग कॉलेज असल्यामुळे शनिवारी रात्री अर्धी टेबलं विशी-बाविशीच्या पोरांची असतात. वय विचारायची पद्धत नाही. परवान्यांचं पुस्तक मॅनेजर रात्री गल्ला मोजताना एकदम भरतो. आता गावातल्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं एक निवेदन तयार केलंय : कडक दारूची २५ वर्षांची अट २१ वर आणावी, बिअर-वाइनची २१ ची अट १८ वर. गुरुवारी बैठक आहे आणि सगळ्यांच्या सह्या हव्यात. यांना मागणी पटते. मुलगा अठराव्या वर्षी मत देतो, एकविसाव्या वर्षी लग्न करू शकतो, मग पेग का नाही? शिवाय हॉटेलात दिली नाही तर पोरं धरणाच्या भिंतीवर जाऊन पितातच. बायको म्हणते, "आपल्या पोराला चालेल का, एवढं स्वतःला विचारा आणि मग करा सही." यांचा मुलगा २० वर्षांचा, पुण्यात शिकतो. दिवाळीत तो म्हणाला, "दुसऱ्यांच्या पोरांना देता, मग मलाच का ओरडता?" पत्राच्या शेवटी एक प्रसंग आहे. पावसाळ्यात चार मुलं यांच्याकडून उठून गेली आणि त्यातल्या एकाची गाडी पुढच्या वळणावर घसरली. कॉलरबोन मोडलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले, गल्ल्यासमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "किती वाजता निघाले हो?" यांनी "नऊच्या सुमारास" सांगितलं. बिलावर १०.४७ होते. यांचा प्रश्न : सही करू का? आणि नाही केली तर धंद्यातल्या माणसांना काय सांगू?

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा निवेदनासाठी, दुसऱ्यांदा त्या १०.४७ साठी. सहीचा प्रश्न तुम्ही दोन पानं मांडलाय आणि बिलाची गोष्ट शेवटच्या चार ओळींत उरकलीय. पण तुम्ही पत्र लिहायला बसलात ते त्या चार ओळींमुळे, असं मला वाटतं. तरी आधी निवेदनाचं बघू.

मतदानाचा मुद्दा पोकळ नाही. १९८८ च्या ६१व्या घटनादुरुस्तीनं मताचं वय २१ वरून १८ वर आणलं, तेव्हा देशानं त्या वयाच्या मुलांवर विश्वास टाकला होता. मात्र त्याच राज्यघटनेत आमदारकीला उभं राहायचं वय २५ आहे. कायदा प्रत्येक गोष्टीला वेगळं वय लावतो, आणि ते लावताना चूक झाली तर काय होईल याचा अंदाज घेतो. दारूच्या बाबतीत हा अंदाज शरीराशी बांधलेला आहे. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. विशीतल्या पोराला दारू चढते ती नेमकी याच भागावर. म्हणून "मत देतो तर पेग का नाही" हे वाक्य बैठकीत टाळ्या घेईल, पण दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत.

आता दुसरी बाजूही मोकळेपणानं मांडते. २५ हा आकडा काही पवित्र नाही. कागल सोडून कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कर्नाटकात तोच बावीस वर्षांचा मुलगा कायद्यानं व्हिस्की मागू शकतो, कारण तिथे २१ आहे. गोव्यात १८. हरियाणानं २०२१ मध्ये कायदा बदलून २५ चं २१ केलं. दिल्ली सरकारनं त्याच वर्षी २१ ची घोषणा केली, पुढे ते सगळं मद्यधोरणच गुंडाळावं लागलं आणि तिथे २५ च राहिलं. केरळ उलट्या दिशेनं गेलं आणि २१ वरून २३ वर चढलं. कर्नाटकानं जानेवारी २०२३ मध्ये २१ चं १८ करायचा मसुदा काढला, लोक इतके बिथरले की काही दिवसांतच तो मागे घेतला. त्यामुळे तुमच्या संघटनेला २१ योग्य वाटत असेल तर ते तसं म्हणायला मोकळे आहेत, त्यात काही पाप नाही. बावीस-तेवीस वर्षांची नोकरी करणारी मुलगी मैत्रिणींबरोबर जेवताना एक पेग घेते, तिला गुन्हेगार ठरवणारा कायदा मलाही खटकतो.

पण १८ च्या मागणीवर मी थांबते. न्यूझीलंडनं १९९९ मध्ये विक्रीचं वय २० वरून १८ वर आणलं. नंतरच्या अभ्यासात १८-१९ च्या मुलांचे अपघात वाढलेले दिसलेच, पण १५ ते १७ च्या मुलांचेही वाढलेले दिसले. याचं कारण शोधायला तुम्हाला लांब जायला नको, तुम्ही रोज बघता. एकवीसची अट असते तेव्हा अठराचा मुलगा एकवीसच्या मित्राच्या आडून बसतो. अट अठराची झाली की त्याच जागी सोळाचा येऊन बसेल. अमेरिका हे भोगून शहाणी झाली. तिथे सत्तरच्या दशकात अनेक राज्यांनी वय खाली आणलं होतं. १९८४ मध्ये केंद्रानं कायदा केला की २१ करा, नाहीतर रस्त्यांचा निधी कापू. १९८८ पर्यंत सगळी राज्यं २१ वर आली होती.

तुमच्या युक्तिवादात धरणाच्या भिंतीचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. हॉटेलात उजेड असतो, पोटात काहीतरी जातं, कोणी पडलं तर बघणारं माणूस असतं. भिंतीवर यातलं काही नाही. हे मी मान्य करते. मात्र एक बघा. वय कमी केल्यानं भिंत रिकामी होईल, हे तुम्ही गृहीत धरलंय. तुमच्याकडे तर आजही वय कोणी विचारत नाही, म्हणजे त्या पोरांना तुमचं दार आत्ताच उघडं आहे. तरी ती भिंतीवर जातात. का? वाइन शॉपमधून आणलेला खंबा चौघांत पडतो स्वस्त, आणि तुमच्या मेन्यूतल्या पेगच्या दरात त्यांचा खिसा बसत नाही. भिंतीवर नेणारी गोष्ट पैसा आहे. वयाची अट कागदावर २१ असो की १८, महिनाअखेरीला ती पोरं तिथेच दिसतील.

आणि इथेच मला तुमच्या पत्रातलं मुख्य गृहीत दिसतं. तुम्ही आणि संघटना असं धरून चाललाय की २५ ची अट धंद्याला आडवी येतेय. खरंच येतेय का? आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. परवान्याशिवाय पिणं हाच मुळात गुन्हा, म्हणून तर तुमच्या खोलीचं नाव परमिट रूम. गिऱ्हाईक बसलं की त्याचा एक दिवसाचा परवाना फाडायचा, त्यावर नाव आणि वय असायचं. ते पुस्तक तुमचा मॅनेजर रात्री साडेअकराला एकटा बसून भरतो. त्यातली नावं कुठून येतात, वयं कोण ठरवतं? तुम्ही विचारलं नसेल, कारण उत्तर तुम्हाला माहीत आहे. अकरा वर्षांत २५ ची अट तुमच्या एकाही टेबलाला लागलेली नाही. मग ती कमी करून तुम्हाला नेमकं काय मिळणार? मला वाटतं, जे आत्ता चाललंय ते नियमात बसेल, एवढंच. ती इच्छा मी समजू शकते. रोज धाकधूक घेऊन गल्ल्यावर बसणं सोपं नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, गाडी चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं, आणि त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून बारचे मालक-मॅनेजर आत गेले. तेव्हापासून तुमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या पोटात गोळा आहे. पण निवेदनातली मागणी उद्या मंजूर झाली तरी सतरा वर्षांचा मुलगा सतराच राहतो. तुमच्याकडे वय विचारायची सवय नसेल तर २५ आणि १८ मध्ये तुमच्या दारात काही फरक नाही.

म्हणून माझं उत्तर : या निवेदनावर आज सही करू नका. २१ ची मागणी चूक आहे म्हणून नव्हे. आहे तो नियम एक दिवसही न पाळता तो बदला म्हणणं तुम्हालाच टोचतंय, म्हणून तर तुम्ही मला लिहिलंत. सहा महिने वय विचारून बघा. मग तुम्हाला कळेल २५ ची अट कुठे अव्यवहारी आहे, कोणत्या गिऱ्हाइकाशी कटकट होते, किती टेबलं खरंच जातात. त्यानंतर सही केलीत तर ती अनुभवाची असेल.

ते विचारायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण असा धंदा करणारे आणखीही लोक हे वाचतील.

वय विचारायचं काम आपण कोणावर टाकतो ते बघा. एकदा सोलापूरकडे जाताना एका हॉटेलात मी हे जवळून पाहिलं. शेजारच्या टेबलावर पाच पोरं होती, एकाच्या खिशातून कॉलेजच्या ओळखपत्राची निळी नाडी लोंबत होती. वेटर स्वतः बावीस-तेवीसचा, मिशी नुकतीच आलेली. त्यानं ट्रे पोटाशी धरला आणि हळूच विचारलं, "दादा, वय किती?" पोरं खो-खो हसली. एक म्हणाला, "तुझं किती?" वेटरचे कान लाल झाले. त्यानं मागे गल्ल्याकडे पाहिलं. मालक मोबाइलमध्ये होता. वेटर आत गेला आणि क्वार्टर घेऊन आला. त्या पोराला मी आजही दोष देऊ शकत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट : "नाही" वेटरनं म्हणायचं नाही. वेटरनं फक्त ओळखपत्र मागायचं, तेही ऑर्डर घेण्याआधी, पाण्याबरोबरच. नसेल तर त्यानं मॅनेजरला हाक मारायची आणि नकार मॅनेजरनं किंवा तुम्ही द्यायचा. वाक्य ठरवून ठेवा, रोज तेच : "आमच्याकडे सगळ्यांनाच विचारतो, आधार किंवा लायसन्स दाखवा." टेबल उठून गेलं तर वेटरला बोलायचं नाही, त्याची टिप बुडाली तर ती तुम्ही भरून द्या. असं केलं नाहीत तर पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं होईल.

चेहऱ्यावरून वय ओळखायला जाऊ नका, कोणालाच जमत नाही. ब्रिटनमध्ये विक्रीचं वय १८ आहे, पण दुकानांनी स्वतःहून पद्धत पाडलीय की पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र मागायचं. आपल्याकडे २५ ची अट आहे, तर तुम्ही तिशीच्या आतल्या प्रत्येकाला विचारा. एखादा बत्तीस वर्षांचा माणूस खूश होईल, त्यात बिघडलं काय? परवाना टेबलावर भरा, समोर बसून. आणि अठराच्या आतल्या कोणाला तुमच्याकडून दारू मिळाली तर प्रकरण परवाना जप्तीवर थांबत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे मॅनेजरला एकदा नीट समजावून सांगा.

बिअरबद्दल एक सांगायलाच हवं, कारण "बिअरच तर दिली" हे वाक्य तुमच्या पत्रातही आहे. ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची बाटली आठ टक्क्यांची धरा. त्यात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल आहे. ६० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण २६. म्हणजे एक बाटली स्ट्राँग हे दोन मोठे पेग झाले, आणि गाडी चालवताना रक्तात चालणारी मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. साठ किलोचं पोर ती एक बाटली पिऊन उठलं तर मर्यादेच्या कितीतरी वर असतं. पहिल्यांदा सापडला तरी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून टेबल बसतानाच विचारा, गाडी कोण चालवणार? त्याला तुमच्याकडून कोकम सरबत किंवा ताक फुकट द्या. कॉलेजच्या दिशेचे दोन रिक्षावाले रात्रीसाठी ठरवून ठेवा आणि गाड्या सकाळपर्यंत तुमच्या आवारात राहू द्या. याचा खर्च येतो, मला ठाऊक आहे. तुमच्या एका शनिवारच्या गल्ल्यापुढे तो मोठा नाही.

बैठकीत काय सांगायचं? भाषण करू नका आणि कोणाला दोषही देऊ नका. एवढंच म्हणा की मी सहा महिने वय विचारून बघतोय, तोवर सही थांबवतो. कोणी म्हणेल, "तुझी गिऱ्हाइकं आमच्याकडे येतील." येतील, काही नक्की येतील. म्हणूनच जमलं तर दुसरी मागणी पुढे ठेवा : गावातल्या सगळ्या परमिट रूमनी एकाच तारखेपासून ओळखपत्र मागायचं. मग पोरांना दुसरीकडे जाण्यात अर्थ उरत नाही, आणि कोणा एकाचं नुकसान होत नाही. शासनाकडे मागायचंच असेल तर बिअरला एक आणि व्हिस्कीला एक अशी दोन वयं काढून एकच वय ठेवा असं मागा, तो गोंधळ खरा आहे. यावर सही करायला तुमचा हात अडखळणार नाही असं वाटतं.

आता मुलाचं. "आपल्या पोराला चालेल का" हा ताईंचा प्रश्न मला फार नेमका वाटला. तुम्ही त्याचं उत्तर पत्रात दिलेलं नाही. त्याऐवजी लिहिलंय, "लपून पिण्यापेक्षा माझ्यासमोर घेतलेली बरी, असं वाटतं." अनेक आईवडील प्रेमापोटी हाच विचार करतात. पण घरातून मिळालेली दारू मुलाला बाहेरच्या दारूपासून वाचवते असं दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की बाबांची हरकत नाही. विसाव्या वर्षी त्याला थांबवणं तुमच्या हातात उरलेलं नाही, पण त्याच्याशी खरं बोलणं आहे. त्यानं दिवाळीत जे विचारलं ते उर्मटपणा म्हणून सोडू नका. "दुसऱ्यांच्या पोरांना देता" हे त्याचं म्हणणं बरोबर आहे, तसं त्याला सांगा. मग सांगा की आता आपण वय विचारायला सुरुवात करतोय, आणि सुट्टीत आलास की चार दिवस माझ्याबरोबर पुढच्या हॉलमध्ये बस, मागे नको. तुम्ही चूक कबूल केलीत की तोही काहीतरी सांगेल. होस्टेलवर काय चालतं, तो स्वतः किती घेतो, कोणाबरोबर. तेव्हा ओरडू नका, ऐका. पिऊन गाडीवर बसायचं नाही आणि रात्री कितीही वाजता फोन केला तरी मी घ्यायला येईन, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या करा. त्याचं किंवा त्याच्या कोणा मित्राचं प्रमाण हाताबाहेर गेलंय असं वाटलं तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करता येतो. मन फार खचलेलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. मुलगा पुण्यात आहेच, तिथे १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अशा घरांशी बोलायची त्यांना सवय आहे. वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठीही हे नंबर आहेत.

शेवटी त्या वडिलांबद्दल. ते भांडायला आले नव्हते. पोलिसात गेले नव्हते. मुलगा दवाखान्यात असताना त्यांना एक हिशोब लागत नव्हता, पोरगा कुठे होता आणि किती वेळ. तो मिळावा म्हणून ते गल्ल्यासमोर उभे राहिले आणि तुम्ही घाबरून नऊ म्हणालात. गुरुवारच्या बैठकीआधी त्यांच्या घरी जाऊन या. मुलाचं हाड जुळलंय का विचारा. आणि त्यांना सांगा की तेव्हा चुकीचं बोललो, पोरं पावणेअकराला उठली होती.